कक्ष आहे, शोधून घ्या

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी बंधनकारक केले. बऱ्याच महाविद्यालयांनी आज्ञाधारकपणे पाटी रंगवून घेतली. धडगावहून पुण्यात आलेल्या आदिवासी मुलीने तो कक्ष शोधायचा कुठे? माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, नाहीतर जिन्याखाली कुलपाआड. अधिकारीही बहुधा तेच प्राध्यापक, ज्यांच्या हाती तिचे अंतर्गत गुण. ‘तक्रारच येत नाही, म्हणजे अडचण नाही,’ असा खुलासा तयारच असतो. त्या न्यायाने दवाखाना बंद असलेल्या गावात कुणी आजारीच पडत नसावे. ‘मुलांनी स्वतः पुढे यायला हवे,’ हेही रास्तच. २०१८मध्ये वसतिगृहाची खानावळ बंद करून खात्यात पैसे टाकण्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघालेच होते. तेव्हा मात्र यंत्रणेला ते चटकन सापडले. पोलिसांनी वाटेतच अडवले.