स्केल-अप काका

पनवेलच्या प्रत्येक सोसायटीत असा एक काका असतोच. कोणी तळोज्याच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त, कोणी पाताळगंगेतून, कोणी रसायनीच्या हिंदुस्थान ऑर्गॅनिकमधून. आमच्याकडचे काका तर कुठलीही चांगली बातमी ऐकली की विचारतात, “ठीक आहे, पण किलोला काय?”

त्यांचा पुतण्या विजेवर औषधांचे रेणू घडवतो. महागडी ऑक्सिडायझिंग रसायनं नकोत, इलेक्ट्रोडच पुरे, असं तो उत्साहानं सांगत होता. काका बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले, “कोल्बेनं 1840च्या दशकात वीज वापरली. मोन्सँटोनं 1965पासून नायलॉनचा कच्चा माल असाच काढला. तू ग्रॅममधून बाहेर ये.”

मग लाइटबिल उलटं करून गणित. रेणुभार 300, दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे किलोला साधारण 180 अँपिअर-तास. “आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा जरासंच जास्त! वीज नाही रे नडत, पत्रा नडतो. क्रिया होते फक्त इलेक्ट्रोडच्या पत्र्यावर. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट केलंस तर माल हजारपट, पत्रा शंभरपटच.” म्हणून दोन पत्र्यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवायची आणि द्रावण त्यातून वाहतं ठेवायचं. रोध कमी, म्हणून उष्णता कमी, वीज वाहावी म्हणून आत घालायचं मीठही कमी. माल वाढवायचा तर फट तेवढीच ठेवून पत्रे वाढवायचे.

इथवर ठीक होतं. पण महाशिवरात्रीला त्यांनी हेच सोसायटीच्या साबुदाणा खिचडीला लावलं. आचाऱ्याचं मोठं पातेलं परत पाठवलं. “तळाचा करपतो, मधला गिच्च होतो!” चार घरांतून चार शेगड्या, चार कढया. खिचडी अगदी मोकळी झाली, खोटं कशाला बोला. मात्र एक खारट, एकीत मिरचीच नाही, आणि सगळं तासभर उशिरा. उपाशी मंडळी चिडलेली. काका मात्र खुशीत. “बघा, समांतर लाइनींत वाटप सारखं झालं नाही की असं होतं. प्लांटमध्येही हेच!”

चौथी कढई तळाशी लागली होती. काकांनी तिथूनच पुतण्याला फोन लावला. “तुझ्या पत्र्यांवर काय साचतं? सेल उघडून बघितलास का?” अधूनमधून ध्रुव उलटे केले की बरंचसं सुटून येतं, असं तो म्हणाला. काकांनी ते मोठ्यानं सगळ्यांना ऐकवलं.

“इथं ध्रुव नाहीत,” म्हणत काकूंनी त्यांच्या हातात काथ्या दिला.