बोटीवरची डीपी

साउदम्प्टन, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,


तुमच्या थोरल्याने बोट घेतल्यापासून हिमायतनगरात काय चर्चा चालली आहे, ते मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर कळवलं. परमेश्वराच्या मंदिराजवळ कोणी म्हणालं, 'जहाज घेतलं,' कोणी म्हणालं, 'नोकरी सोडून मासे धरतो.' दोन्ही खोटं. नोकरी शाबूत आहे आणि बोट 26 फुटी, शिडाची, जुनी. वेस्टर्ली सेंटॉर हे तिचं घराणं. 1969 ते 1980 या काळात अशा दोन हजारांवर बोटी इंग्लंडात बांधल्या गेल्या. तिला तळाशी एकाऐवजी दोन कणे आहेत, त्यामुळे ओहोटीला पाणी ओसरलं की ती चिखलात कलंडत नाही, सरळ उभी राहते. किंमत सांगायची नाही असं सूनबाईने बजावलंय. पण नव्या ट्रॅक्टरला पडतात त्याहून कमीच, एवढं पारावर सांगायला हरकत नाही.

बोट चांगली निघाली, तिची वायरिंग मात्र बघवत नव्हती. आत उतरायच्या पायऱ्यांशेजारी स्विचांचं काळं पॅनल आहे. स्क्रू काढून ते पुढं ओढलं, तर मागं तारांचा नुसता गुंता. लाल, काळ्या, निळ्या आणि एक चक्क टेबलावरच्या दिव्याची पांढरी. काही टोकं नुसतीच लोंबकळत होती. ती कुठून आली आणि कुठं निघाली होती, हे त्यांनाच ठाऊक. एका काचेच्या फ्यूजभोवती कुणीतरी चॉकलेटची चांदी गुंडाळून ठेवली होती. बाबा, तुमची सगळी नोकरी लोकांच्या कटआउटमधून जाड तार काढून त्यांच्या हातावर ठेवण्यात गेली. त्या लोकांचे भाऊबंद इथंही नांदताहेत.

सूनबाईचं म्हणणं, 'बारा व्होल्ट तर आहेत, शॉकसुद्धा बसत नाही, मग एवढा कसला बाऊ?' खरंय, कोरड्या हाताला 12 व्होल्ट जाणवतही नाहीत. फसगत होते ती तिथंच. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, कधी जागीच चिकटतो. फ्यूज नसलेली तार तापली की तिचं प्लास्टिक पेटतं, मग फायबरची बोट पेटते आणि पळायला चहूकडं पाणी. म्हणून पहिला मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवला. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवायची आणि हातातलं सगळं धातूचं काढून ठेवायचं, हाही नियम. आई, शनीची अंगठी त्यासाठीच काढली होती. देवापुढं ठेवली होती आणि संध्याकाळी परत घातली. शनिवारच होता, पण काही झालं नाही.

दुसरी भानगड तारेच्या जाडीची. गावाकडं डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या शेतात मोटर नुसती हूं हूं करते आणि फिरत नाही, तोच प्रकार बोटीवर होतो. फक्त इथं शेत 12 मीटरवर आहे. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा पॅनलपासून साधारण तेवढ्या अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन 24 मीटर तार. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरली तर तिचा रोध 0.28 ओहम. जुना 25 वॉटचा बल्ब दोन अँपिअर ओढतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब वाटेतच गळाला. घरच्या 230 व्होल्टवर एवढी गळती पाव टक्का, कुणी ढुंकून बघणार नाही. 12 व्होल्टवर तीच पाच टक्क्यांच्या घरात जाते. यावर उपाय दोन : तार जाड करा, नाहीतर दिवा एलईडीचा लावा. थोरल्याने दोन्ही केलं. नांगर टाकून रात्री दहा तास तो जुना बल्ब जाळला तर बॅटरीतले 20 अँपिअर-तास संपतात. एलईडीला त्याच्या दहाव्या हिश्शात भागतं.

बाबांनी मागच्या खेपेला दिलेला टेस्टर मोठ्या भक्तिभावाने बोटीवर नेला होता. पेटला नाही. त्यातल्या निऑनला साठ-सत्तरच्या वर व्होल्ट लागतात, बारावर तो डोळाही उघडत नाही. सगळी भिस्त मल्टिमीटरवर. भरलेली बॅटरी 12.7 दाखवते. आकडा 12 च्या आसपास आला की दिवे बंद करून झोपावं. व्हिडिओ कॉलवर बाबांनी 'अर्थिंग कुठंय?' विचारलं, तेव्हा शेजारच्या बोटीवरच्या इंग्रज आजोबांनी समुद्राकडं बोट दाखवलं. ती गंमत होती. पॅनलच्या कामाला दोनच तारा, एक जायची आणि एक यायची. परतीच्या सगळ्या तारा एका पितळी पट्टीवर, म्हणजे बसबारवर, येऊन मिळतात.

खारी हवा तांब्याला सोडत नाही. जुनी तार सोलली तर आतून हिरवी-काळी, रबराखाली वीतभर आतपर्यंत. नवी तार आणली ती कथिलाचा मुलामा दिलेली. आई, पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, तेच कथिल. टोकाला डाग द्यायचा नाही, कारण डाग जिथं संपतो तिथं तार ताठ होते आणि लाटांच्या हादऱ्यांनी तिथंच तुटते. म्हणून थिंबल घालायचं, पक्कडीने दाबायचं, जोर लावून ओढून बघायचं, मग त्यावर आतून डिंक असलेली नळी चढवून गरम करायची. नळी आक्रसते, कडेने डिंकाचा एक थेंब बाहेर येतो. थेंब आला की ते टोक पास. हे परीक्षण तुमच्या नातीकडं होतं. तिने बापाची बरीच टोकं नापास केली.

खरी डोकेदुखी स्विचांच्या नावांची. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार रात्री डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा आणि मागं पांढरा दिवा लागतो. 20 मीटरपेक्षा लहान बोट शिडावर चालली असेल तर हे तिन्ही डोलकाठीच्या टोकावर एकाच दिव्यात चालतात. पण इंजिन सुरू केलं की तो दिवा बंद करायचा, खालचे लावायचे आणि समोरचा पांढरा वेगळा लावायचा. चुकीचा स्विच दाबला तर समोरून येणाऱ्या जहाजाचा भलताच समज होतो. नातीने सगळी नावं देवनागरीत लिहिली : 'शीड', 'इंजिन', 'नांगर', 'रेडिओ'. इंग्रज आजोबांनी विचारलं, 'अडचणीच्या वेळी दुसऱ्या कुणाला वाचता आली नाहीत तर?' मुद्दा रास्त होता. खाली इंग्रजी नावंही चिकटवली.

तळात साचलेलं पाणी काढणारा पंप तेवढा पॅनलवर अवलंबून नाही. त्याची लाईन बॅटरीवरून डायरेक्ट, पण फ्यूजसकट. मुख्य स्विच बंद करून सगळे घरी आले तरी पाणी वाढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप आपोआप चालू होतो.

पारावर कोणी 'आपल्या माणसाला समुद्रातलं काय कळतं' म्हणालं, तर बाबांनी दिलीप दोंदे यांचं नाव सांगावं. नौदलातल्या या मराठी माणसाने 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी 'म्हादेई' बांधली तीही गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. एकटा माणूस झोपतो तेव्हा सुकाणू अनेकदा विजेवरचं यंत्र सांभाळतं, अशा वेळी वीज गेली तर माणसाची झोप गेली. थोरल्याची मजल सध्या समोरच्या वाइट बेटापर्यंतच आहे, तेव्हा आईने काळजी करू नये. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात असतं.

आता एक काम. आपल्या घरच्या मीटरखालच्या बोर्डावर कोणतं बटण कशाचं, हे फक्त बाबांना माहीत आहे. बाबा नांदेडला गेले की बोअरची मोटर चालू करायला आई शेजाऱ्यांना हाक मारते. बाबा, येत्या रविवारी प्रत्येक बटणाखाली नाव लिहून चिकटवा आणि बोर्डाचा फोटो पाठवा. नात तपासणार आहे.

तुमचे,
थोरला, सूनबाई आणि नात