नानांचा पाव

वरंधमध्ये पहाटे उठणारी माणसं पुष्कळ. कुणाला धार काढायची असते, कुणाला महाडची पहिली एसटी गाठायची असते. नाना उठतात ते रात्री मळलेलं पीठ फुगलं का बघायला.

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला माणूस काहीतरी धरतोच. कुणी देवळाचा जीर्णोद्धार धरतो, कुणी आंब्याची कलमं, कुणी भावकीतला जुना दावा. नानांनी पाव धरला. तोही बाजारातला नव्हे, ओट्स आणि गव्हाचा, घरी भाजलेला, मैद्याचा कण नसलेला. तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकरीवर पिढ्या काढलेल्या गावात हे खूळ कुठून शिरलं, हे माईंनाही सांगता येत नाही. त्या एवढंच म्हणतात, “दुसऱ्या नादांपेक्षा बरं. घरात तरी असतात.”

नानांच्या पावाची सुरुवात गिरणीत होते. पिठाचा डबा सायकलला अडकवून ते येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आधी कुणाचं डाळीचं निघालं का रे?” निघालं असेल तर ते बाकावर बसून राहतात आणि मागच्या दोन बायांना पुढे सोडतात. मग सूचना, “बारीक काढ, पण पीठ तापू देऊ नकोस.” गिरणीवाला मान डोलावतो आणि नेहमीसारखंच दळतो.

ओट्स महाडहून येतात. ओट्सच्या अंगात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते फार झाले की पाव फुगत नाही, बसतो. हे नाना आता सगळ्यांना सांगतात. उत्साहाच्या भरात एकदा त्यांनी निम्मे ओट्स घातले होते. त्या दिवशी जे निघालं ते माईंनी मुकाट्याने कुस्करलं, तुपागुळात परतलं, आणि नानांनी ते दोनदा वाढून घेतलं. तेव्हापासून तीन वाट्या कणकेला एक वाटी ओट्स.

यीस्टवर मात्र त्यांचा जीव आहे. कोमट पाण्याचा थेंब मनगटावर टाकून बघायचा, चिमूटभर गूळ घालायचा, मग वाटीवर वाकून बसायचं. “झोपलाय अजून,” ते हळू आवाजात सांगतात. फेस आला की, “उठला!” पाणी कढत झालं तर यीस्ट मरतं, त्यामुळे त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने बोललेलंही त्यांना खपत नाही. एका पावसाळ्यात वरंधा घाट नेहमीसारखा बंद होता. पुण्याचा भाचा यीस्टची पुडी घेऊन ताम्हिणीने वळसा घालून, चिंब भिजून दारात उभा राहिला. नानांनी विचारलं, “पुडी कोरडी आहे ना?”

पावसात कणीक आधीच हवेतला ओलावा धरते, म्हणून पाणी दोन चमचे कमी, आणि गारठ्यामुळे फुगायला वेळ जास्त. मग पातेलं गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलं जातं. “नातवाला कधी एवढं गुंडाळलं नाही,” माई म्हणतात. नानांचं उत्तर तयार असतं, “घाईचं काम नाही हे.” जगातल्या बहुतेक प्रश्नांवर त्यांचं हेच उत्तर आहे. ग्रामपंचायतीच्या सभेतही ते ऐकायला मिळतं.

मळून झाल्यावर ते चिमूटभर गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ताणत नेतात. फाटू न देता, हळूहळू, पार पातळ पडदा होईपर्यंत. मग तो खिडकीतल्या उजेडासमोर धरून तुम्हाला बोलावतात. “बघ, पलीकडचा कावळ्या किल्ला दिसतो का?” किल्ला ढगात असतो. तरी हो म्हणायचं.

त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कात्रण आहे. 2016 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेला बाजारातल्या पावात पोटॅशियम ब्रोमेट सापडलं, त्याची ती बातमी. त्याच वर्षी सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली, हे नाना सांगत नाहीत. एकदा शेजारच्या आतेने पाव नको म्हटलं. नानांनी तिला बसवून 1849 सालची मुंबईतली परमहंस मंडळी ऐकवली: दादोबा पांडुरंगांची ती गुप्त सभा, सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे, जातिभेद मोडायची तीच परीक्षा. आतेने सगळं ऐकून घेतलं. तिची संकष्टी होती, एवढंच.

गोव्यात पूर्वी पीठ माडीने फुगवत, हेही त्यांनी कुठेतरी वाचलं आणि प्रयोगासाठी माडी आणायची परवानगी मागितली. माईंनी नुसतं बघितलं. विषय मिटला.

एकदा पाव ओटीजीत ठेवला आणि लाइट गेली. श्रावणातली लाइट, कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसावं. नाना डोकं धरून बसले. माईंनी धोंडस करतात तसा तोप चुलीवर चढवला, पीठ आत, झाकणावर निखारे. तासाभराने निघालेला पाव वरून खरपूस, आतून लुसलुशीत. नानांनी तळाला टिचकी मारली, कान लावला, “ऐक, पोकळ वाजतोय!” आणि गंभीरपणे म्हणाले, “या वेळी पाण्याचं प्रमाण बरोबर पडलं.” माई निखारे विझवत होत्या.

वरंधला गेलात तर नानांकडे जरूर जा, पण पोटभर जेवून जा. पाव निवायला तासभर लागतो, आणि गरम पाव कापायला सांगणाऱ्याला ते पुन्हा बोलावत नाहीत. महाडच्या बेकरीतली खारी नेणार असाल तर पिशवीतच राहू द्या आणि निघताना मागच्या दाराने माईंना द्या. त्यांना चहाबरोबर खारीच लागते.