शब्दांचे तहसीलदार

पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकविणारे जे सर छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्येक मराठी शाळेत एक तरी आढळतातच, त्यांना ओळखण्यासाठी ओळखपत्र पाहण्याचे कारण पडत नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात औरंगपुऱ्यातील वह्यापुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची झुंबड उडालेली असताना, जो गृहस्थ चार रेघी वहीचे पान उजेडाकडे धरून न्याहाळतो, ‘शाई फुटते’ असा निकाल देऊन ती परत करतो, जाता जाता दुकानदारालाच ‘रिसीट’चे स्पेलिंग विचारतो, आणि त्याने त्यातला मुका ‘पी’ गाळला म्हणजे ज्याच्या मुद्रेवर परम समाधान पसरते, तो मनुष्य दुसऱ्या कोणत्याही विषयाचा असूच शकत नाही.

सरांच्या मते भाषा ही मुख्यत्वेकरून जमाबंदीची बाब आहे. रोज दहा शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे स्पेलिंग, उच्चार, अर्थ व वाक्यात उपयोग असे चार रकाने, हा वर्गावर बसविलेला सारा. तो पहिल्या तासाला तोंडपाठ भरावा, न भरल्यास थकबाकी म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दहांत मिळवावा, आणि बाकी पन्नासावर गेली की पालकांच्या नावे तगाद्याची चिठ्ठी काढावी, असा त्यांचा शिरस्ता. तहकुबी मिळते ती फक्त गोवर-कांजिण्यांना. वर्गाचा मॉनिटर हा त्यांचा तलाठी, आणि तलाठ्याला जेवढे दबकून राहावे तेवढी मुले त्याला दबकून असतात. मधल्या सुट्टीत त्याच्या हातावर बोरे का पडतात, हे सरांनी कधी विचारलेले नाही.

चौथ्या रकान्यात मात्र रयतेने पळवाट शोधून काढली आहे. ‘कॅटॅस्ट्रॉफी’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करावयाचा होता, तेव्हा सातवीतल्या एका चतुर मुलीने लिहिले, ‘अवर टीचर गेव्ह अस द वर्ड कॅटॅस्ट्रॉफी.’ सरांनी ते वाक्य उभ्याने वाचले, बसून वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. व्याकरणात दोष नाही, स्पेलिंगात दोष नाही, आणि मजकूर तर निर्विवाद सत्य. अखेर त्यांनी त्यापुढे बरोबरची अर्धीच खूण केली. आता त्याच नमुन्यावर सगळा वर्ग कोणताही शब्द उपयोगात आणतो.

हा महसुली बाणा कोठून आला याचा माग काढू गेले, तर निजामाच्या अमदानीपर्यंत जावे लागते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत इकडच्या सरकारी शिक्षणावर उर्दूचा अंमल होता. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. घरी मराठी, गल्लीत दखनी, शाळेत उर्दू, आणि त्या उर्दूच्या आडून इंग्रजी, अशी इतकी नाकी ओलांडून हाती आलेला शब्द त्या पिढीने मोजूनमापून ठेवला, यात नवल ते काय? सरांचे सर त्या पिढीचे. त्यांनी तर्खडकरांची भाषांतरमाला व रेन-मार्टिनचे व्याकरण आपल्या शिष्यास सुपूर्द केले, आणि त्यासोबत मोजण्याची सवयही. पुढे २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, तेव्हा पाचवीच्या वर्गाकडून एबीसीडी गिरवून घेण्याचा सरांचा वंशपरंपरागत हक्क खालसा झाला. ते दुःख त्यांनी अद्याप गिळलेले नाही.

पण सरांचे खरे कर्तृत्व पाहावे ते निबंधात. एरवी ज्यांचे वडील वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातात, शहागंजात फळांची गाडी लावतात किंवा रिक्षा चालवितात, त्या सर्वांचे वडील इंग्रजी निबंधात प्रवेश करताच डॉक्टर होतात. तेथे सर्वजण पहाटे पाचला उठतात. सर्वांना मिळून एकच काका असतात, ते खेडेगावी राहतात, आणि मराठवाड्यात कसाही दुष्काळ पडो, त्यांच्या विहिरीचे पाणी आटत नाही. नाथषष्ठीला पैठणला जाऊन आलेला मुलगा रजेच्या अर्जात तापानेच फणफणलेला असतो. खोटे लिहा असे सर कधी सांगत नाहीत. वडील डॉक्टर असले म्हणजे चुका कमी होतात, एवढाच त्यांचा अनुभव आहे. ‘ऐतिहासिक स्थळास भेट’ या निबंधासाठी, आझमशाहाने आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधविलेला बीबी का मकबरा गावातच उभा असताना, अख्खा वर्ग आग्र्यास जाऊन ताजमहाल पाहून येतो, कारण गाइडमधला नमुना ताजमहालाचा आहे.

म्हणून सरांना आपल्या मुलखाचा अभिमान नाही असे कोणी समजू नये. अजिंठ्याच्या सहलीत ते मुलांना आवर्जून दहाव्या लेण्यात नेतात. १८१९ च्या एप्रिलात शिकारीच्या निमित्ताने तिकडे आलेल्या जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्याने तेथे एका खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा ढीग साचलेला असल्यामुळे ती अक्षरे आता डोक्याच्याही वर दिसतात. दोन हजार वर्षांच्या चित्रांकडे पाठ करून सर बोट वर नेतात आणि म्हणतात, “बघा रे, नाव आहे, तारीख आहे, स्पेलिंगची एक चूक नाही. खांब खराब केल्याचे तेवढे दोन गुण कापायचे.”

पत्रलेखनात त्यांचा जीव पत्त्यावर. पत्ता उजव्या कोपऱ्यातून उचलून डाव्या समासाला न्यावा असा नवा पायंडा पडला, तेव्हा सरांनी त्यास कडाडून विरोध केला. पुढे २०२३ साली शहराचे नाव बदलले, इंग्रजीतील दहा अक्षरांच्या जागी चोवीस आली, त्यांतही ‘एच’ तीनदा. उजव्या कोपऱ्यात ती मावेनात, मुले उरलेली अक्षरे पानाच्या कडेने खाली उतरवू लागली, तेव्हा कोठे सरांनी डाव्या बाजूस मुकाट्याने मान्यता दिली.

गेल्या पावसाळ्यात मात्र बेगमपुऱ्यातल्या सहावीच्या एका मुलाने त्यांना पेचात टाकले. विषय होता ‘माझा शेजारी’. फळ्यावरचा सांगाडा दूर सारून त्याने लिहिले, ‘माय नेबर हॅज टू गोट. वन गोट ईट माय वर्ड्स.’ चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे, की शब्दार्थांची वही ओट्यावर वाळत घातली असता शेळीने ती दोनशे चाळीस शब्दांसह फस्त केली.

“मग थकबाकी कोणाच्या नावे लावू?” सर गरजले.

“पाठ आहेत सर,” असे म्हणून त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि तास संपल्याची घंटा होऊनही तो थांबेना.

मधल्या सुट्टीत सरांनी ते दुसरे वाक्य गणिताच्या सरांना वाचून दाखविले, हिंदीच्या बाईंना दाखविले, चहा आणणाऱ्या शिपाईमामांना तर अर्थासह समजावून सांगितले, आणि प्रत्येक वेळी हसताना त्यांना चष्मा काढावा लागला. वहीवर गुण मात्र दहापैकी साडेतीनच पडले, कारण शेळ्या दोन असून अनेकवचन केलेले नव्हते.