बावधनची आफ्रिकेवरची श्रद्धा

आयव्हरी कोस्टमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा बावधनात दीड वाजलेला असतो. राम नदीपासून चांदणी चौकापर्यंत सगळी सामसूम असते आणि फुटबॉलच्या आफ्रिका चषकावर पैसे लावलेला एक माणूस जागा असतो. या माणसाची व्हावी तशी कदर झालेली नाही. क्रिकेटवर पैसे लावणाऱ्याला खेळ कळतो, निदान खेळपट्टी तरी कळते. त्यात धाडस कसले? इक्वेटोरियल गिनी नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसताना तिच्यावर घराचा हप्ता लावायला श्रद्धा लागते.

आपल्याकडे ही श्रद्धा जुनी आहे. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडा लागत असे. दिवसभर साच्यावर कापसाशी झटणारा गिरणी कामगार संध्याकाळी त्याच कापसाच्या सातासमुद्रापलीकडच्या भावावर पगारातले पैसे लावी. 1961 च्या सुमारास तिकडचे भाव येईनासे झाले. लोकांची गैरसोय कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी दूर केली. आकडे मटक्यातून निघू लागले. न्यूयॉर्कशिवाय काही अडले नाही.

आफ्रिका चषकाचा इतिहासही श्रद्धावंतांच्याच बाजूने आहे. 1957 ची पहिली स्पर्धा खार्टूमला झाली. दक्षिण आफ्रिका मिश्रवर्णी संघ पाठवायला तयार नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली आणि इथिओपिया एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोचली. तिथे इजिप्तने चार गोल केले, चारही अद-दीबा या एकाच खेळाडूचे. 2022 मध्ये ट्युनिशिया आणि मालीचा सामना चालू असताना पंचांनी 85 व्या मिनिटालाच शिट्टी फुंकली, खेळ पुन्हा सुरू केला आणि नव्वदी भरण्याआधी परत संपवला. उन्हाचा त्रास झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले. शेवटच्या मिनिटातल्या गोलाची वाट पाहणाऱ्या पंटरला असा अनुभव दुसरीकडे कुठे मिळणार?

खेळ कळण्याने नुकसानच होते. 22 जानेवारी 2024 ला यजमान आयव्हरी कोस्ट इक्वेटोरियल गिनीकडून 0-4 ने हरला. प्रशिक्षकाला काढले गेले. जाणकारांनी संघाचा नाद सोडला. तिसऱ्या क्रमांकावरच्या संघांतून अगदी शेवटचा म्हणून हा संघ कसाबसा पुढे सरकला आणि 11 फेब्रुवारीला नायजेरियाला 2-1 हरवून विजेता झाला. निर्णायक गोल कर्करोगातून उठून मैदानात परतलेल्या सेबास्तियन हालेरचा. ज्याने केवळ नारिंगी रंग आवडला म्हणून पैसे लावले असतील, त्याच्या तोडीचा विश्लेषक त्या रात्री जगात नव्हता.

झांबियाचेही तेच. 1993 मध्ये गॅबनच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून त्यांचा जवळजवळ सगळा संघ गेला. 2012 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या लिब्रेव्हिल शहरात झांबियाने पेनल्टींवर 8-7 ने चषक जिंकला. हे ठाऊक असलेल्याचा गळा भरून येतो, आणि भरल्या गळ्याने भाव बघता येत नाही. आपल्या माणसाला तो समुद्र ठाऊक नसतो. त्याची बुद्धी निकोप राहते.

त्याचे औदार्यही पाहावे. तुल्यबळ बाजूंना बुकी 1.90 चा भाव देतो. दोन्हीकडून शंभर-शंभर आले की दोनशेतले 190 जिंकणाऱ्याचे आणि 10 बुकीचे, मग जिंको कोणीही. बुकीला जागरण नाही, आफ्रिकेचा अभ्यास नाही. सोसायटीच्या मेंटेनन्समधल्या वीस रुपयांवर सभा गाजवणारा माणूस ही दक्षिणा सामन्यामागून सामना मुकाट्याने देतो.

कायदाही त्याला ओळखून आहे. जुगारबंदी मुंबई इलाख्यात 1887 पासून आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसते खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, सरकार त्याला पीडित मानते. आता पैसे द्यायचे ते टेलिग्रामवरच्या अनोळखी नंबरला, पावतीशिवाय. आधी फक्त संघ अनोळखी होता.

पुढचा चषक 2027 मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात आहे. नैरोबी आपल्या फक्त अडीच तास मागे. रात्री आठचा सामना इथे साडेदहाला सुरू होईल आणि पैसे गेल्यानंतरही ऑफिसआधी सहा तास झोप मिळेल. बावधनने इतकी वर्षे आफ्रिकेसाठी जे जागरण केले, त्याची दखल आफ्रिकी फुटबॉल महासंघाने अखेर घेतली आहे.