बिनव्याजी

कर्ज काढावं तर बँकेचं. बँक तारीख ठरवते, त्या तारखेला खात्यातून हप्ता कापते आणि महिनाभर तोंड दाखवत नाही. लग्नात गाठून, खांद्यावर हात ठेवून "काय मग, हल्ली कुठे असतोस?" असं विचारत नाही. माझं सगळ्यात मोठं देणं बँकेचं आहे आणि सगळ्यात कमी धाक मला तिचाच वाटतो.

इंजिनिअरिंगसाठी दर वर्षी एक असे चार लाख उचलले होते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही, अशी सवलत. आमची समजूत अशी की कर्जही आमच्यासारखंच मागच्या बाकावर झोपलेलं आहे. ते चांगलं जागं होतं. हप्ता सुरू करायला गेलो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली; साडेदहा टक्क्यांनी ते साडेपाच लाखांच्या घरात पोचलं होतं. तेवढ्याच काळात माझी इतकी प्रगती झाल्याचं कोणी म्हटलेलं नाही. दहा वर्षं, महिना साधारण 7,400. जुनी करप्रणाली निवडली तर या व्याजाची आयकरात वजावट मिळते आणि तिला वरची मर्यादा नाही, हेही साहेबांनी कौतुकाने सांगितलं. पण माझा पगार इतका सालस आहे की आयकर त्याच्या वाटेलाच जात नाही.

पॅकेज 3 लाख 60 हजारांचं. आईने बाराने भागून गल्लीत 30 हजार जाहीर केले. कंपनीने त्यातून माझा पीएफ कापला, स्वतःच्या वाट्याचा पीएफसुद्धा माझ्याच पॅकेजमधून वळता केला आणि टिकून राहिलो तर कधीतरी दर्शन देणारी ग्रॅच्युइटी बाजूला काढली. उरलेल्यावर व्यवसाय कर: महिना 200, फेब्रुवारीत 300. सगळ्यात तोकड्या महिन्यात सगळ्यात जास्त! कारण वर्षाला 2,500 ही घटनेनेच घातलेली कमाल मर्यादा, आणि ती पुरेपूर गाठायची तर कुठेतरी शंभर जादा घ्यावे लागतात. सरकार एखादं उद्दिष्ट शंभर टक्के गाठतं ते असं. माझ्या हातात 25 हजार पडतात.

आता बजेट. एलिझाबेथ वॉरन हार्वर्डमध्ये कायदा शिकवत होत्या तेव्हा, 2005 साली, त्यांनी मुलीबरोबर एक पुस्तक लिहिलं आणि पगाराचे तीन वाटे सांगितले: निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्जफेडीला. बाईंनी पुण्याच्या हिंजवडीत खोली शोधलेली नसावी. माझ्या गरजाच ऐंशीच्या पुढे जातात, आणि हौस म्हणजे मिसळीबरोबर जादा पाव. बाबांचं सूत्र त्याहून जुनं, अंथरूण पाहून पाय पसरावे. पीजीतल्या तीन फुटी कॉटवर ते मी अक्षरशः पाळतो. पसरले तर रूममेटच्या लॅपटॉपला लागतात.

तरीही एक्सेल उघडलं आणि देणी मांडली. क्रेडिट कार्ड सगळ्यात वर, कारण त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. हे कार्ड पहिल्या पगाराच्या पार्टीत घासलं गेलं. पार्टी मागणारे बहुतेक माझे सावकारच होते. ज्यांचे पैसे द्यायचे त्यांनाच पनीर खिलवायचं आणि त्यासाठी तिसऱ्याकडून कर्ज काढायचं, या व्यवहाराला अर्थशास्त्रात काही नाव असेल तर असो. कार्डवाले दर महिन्याला "किमान देय रक्कम" असा गोड निरोप पाठवतात. तेवढीच भरत राहिलो असतो तर ते पनीर निवृत्तीपर्यंत पचलं नसतं.

मित्रांचा हिशेब एका ॲपवर होता. क मला देणं लागतो, मी ख ला, ख ग ला, अशी साखळी दिसली की ते ॲप मधल्या गाठी सोडवून सरळ दोघांचं नातं जुळवून देतं. परिणामी ज्याच्याबरोबर मी आयुष्यात एक चहा प्यायलो नाही, अशा मुलाला माझ्याकडून 1,140 रुपये येणं निघालं. ते मी सगळ्यात आधी फेडले. परक्या माणसाचे पैसे ठेवू नयेत.

मेसच्या काकूंकडे वही होती. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली, दोनशे पानी. तीत आमची नावं नसत. "बार्शी उंच", "चष्मा", "गोड नको" अशा नोंदी, आणि पुढे खाड्यांच्या फुल्या. बार्शी उंच म्हणजे मी. शेवटच्या सेमिस्टरची बाकी राहिली होती. काकूंनी ती कधी तोंडाने मागितली नाही. फक्त मला भाजी वाढताना डाव पातेल्यावर क्षणभर थांबायचा, मग वाटीत यायचा. त्या एका क्षणात मी संपूर्ण चक्रवाढ व्याज शिकलो. पैसे दिले त्या दिवशी डाव थांबला नाही आणि बटाटेही जास्त आले.

मामाचं मात्र सगळंच बिनव्याजी. हॉस्टेलच्या डिपॉझिटला त्याने 20 हजार दिले होते, एक्सेलमध्ये दर शून्य टक्के, म्हणून गणिताप्रमाणे तो सगळ्यात खाली. गणिताला मामा नसतो. कार्यात तो माझी ओळख करून देई, "हा आमचा भाचा, इंजिनिअर. याच्या हॉस्टेलचं मीच बघितलं." समोरचा आधी माझ्याकडे, मग मामाकडे अतिशय आदराने बघे. शिवाय लातूर एक्स्प्रेसचं त्याचं तत्काळ तिकीट काढायचं कामही माझ्याकडेच. एसीचं बुकिंग दहाला उघडतं आणि स्लीपरचं अकराला. मामा एसीने जात नाही. अकराला आमची टीम मीटिंग असते. टेबलाखाली मोबाईल धरून मी मामामामींची वयं टाकतोय, वर साहेब विचारतायत "तुझं कुठवर आलंय?" आणि माझ्या तोंडातून जातंय, "वेटिंग." पुन्हा मामाला खालचाच बर्थ लागतो. नाही मिळाला तर तो काही बोलत नाही, "असू दे, आता काय" एवढंच म्हणतो. बेचाळीस टक्केवाल्या कार्डने मला इतकं खजील कधी केलेलं नाही.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. देहू आमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. म्हणून मामा पुण्याला आला तेव्हा त्याला मुद्दाम तिकडे नेलं. गाथा मंदिर दाखवलं, घाटावर बसवलं, खतांची गोष्ट जरा रंगवूनच सांगितली. मामा भारावला. डोळे मिटून हात जोडले, माशांना चुरमुरे टाकले आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "मग, दिवाळीपर्यंत जमेल ना रे?"

जमवलं. एक्सेलची उतरंड मोडून, कार्डचे शेवटचे दोन हप्ते मागे ठेवून दिवाळीत पाकीट घेऊन लातूरला गेलो. मामाने नोटा दोनदा मोजल्या, एक उजेडात धरून पाहिली, मामीकडे देवापुढे ठेवायला दिल्या. मी पाया पडलो, मोकळा झालो. फराळ होईपर्यंत नोटा देवघरातून परत आल्या.

"आमच्या चिंट्याला पुण्यात ॲडमिशन मिळालीय. कॉम्प्युटर. हॉस्टेलचं डिपॉझिट आता चाळीस झालंय म्हणे. हे वीस राहू देत तुझ्याकडेच, वरचे तू घाल, भरून टाक. मी देतोच तुला. आपल्यात कसलं व्याज?"

कार्ड पुन्हा बाहेर निघालं. एक्सेलमध्ये "येणे" असा नवा रकाना काढावा लागला आणि त्यात मामाचं नाव, दर शून्य टक्के. चिंट्या पोरगा चांगला आहे, बोटं भराभर चालतात. त्याला सांगून ठेवलंय, येत्या गुरुवारी अकराला मोकळा राहा, मला बार्शीला जायचंय. आणि बर्थ खालचा बघ.