शिव्याभत्ता

नेब्रास्का राज्यात समुद्र नाही, डोंगर नाहीत आणि व्यावसायिक फुटबॉलचा संघही नाही. पहिल्या दोन गोष्टींचं इथल्या लोकांना फारसं काही वाटत नाही. तिसरीची कसर ते विद्यापीठाच्या संघावर भरून काढतात. जेमतेम वीस लाख वस्तीच्या या राज्यात सप्टेंबर लागला की शनिवारी लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं लाल कपडे घालून बसतात, आणि तेवढ्या दुपारपुरतं ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. 1962 पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपली, असा हिशेब विद्यापीठ अभिमानानं सांगतं. इथं लग्नाची तारीख काढताना पंचांग नाही, सामन्यांचं वेळापत्रक उघडतात.

माणसं मोठी सज्जन. पाहुणा संघ आपल्याला हरवून बाहेर पडू लागला तरी त्याला टाळ्या देतात. या दारांतून कॉलेज फुटबॉलचे सर्वांत थोर चाहते आत जातात, असं स्टेडियमच्या दारावर लिहिलेलंच आहे. आता परक्यांशी इतकं गोड वागणारा माणूस घरच्यांशी कसा बोलतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि घरच्यांनी बोलून घ्यावं असे दिवसही या संघानं भरपूर दाखवले. 2021 च्या मोसमात बारापैकी नऊ सामने हरले, पण नऊपैकी एकही हार नऊ गुणांपेक्षा मोठी नाही. वर्षभराची बेरीज मांडली तर स्वतः केलेले गुण अंगावर बसलेल्या गुणांपेक्षा जास्तच! दणकून हरणारा संघ परवडला. संध्याकाळी चार वाजताच टीव्ही बंद करून माणूस भाजी आणायला जातो. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत आशा लावून मग हरणाऱ्या संघाला काय म्हणावं? आणि म्हणायचंच तर कुणाला, पोरांना की कोचला?

हा प्रश्न आमच्या घरी नानांनी निकालात काढला. नाना म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. पहिल्या सामन्याला त्यांनी विचारलं, “अहो, याला फुटबॉल म्हणतात तर हा हातात धरून काय पळतोय?” मध्यंतरापर्यंत त्यांना नियम कळले नव्हते. पण मध्यंतरानंतर कोचचं काय चुकतंय ते कळायला लागलं. “चौथ्या खेपेला चेंडू लाथाडून देऊन टाकायची काही गरज होती का?” या त्यांच्या प्रश्नावर मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यानं मान डोलावली, तीही मराठी न कळता. तक्रारीचा सूर सगळ्या भाषांत एकच असावा.

नानांची तयारी जुनी आहे. अजित वाडेकरांपासून पुढच्या प्रत्येक कप्तानाला त्यांनी घरबसल्या सल्ला दिलेला आहे. 1971 साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आलेल्या वाडेकरांना आपण डोक्यावर घेतलं आणि 1974 साली लॉर्ड्सवर संघ 42 धावांत कोसळला तेव्हा त्यांच्याच घरावर दगड पडले. “दगड चूक,” नाना म्हणतात, “बोलणं चूक नव्हे.” पण वाडेकर मिळवते, कर्ते गृहस्थ होते, स्टेट बँकेत नोकरीला होते. इथं मैदानावर उभा असलेला गडी एकोणीस वर्षांचा, आणि सोमवारी सकाळी त्याला अर्थशास्त्राच्या तासाला बसायचं असतं. शेजारच्या बाकावरच्या पोरानंही शनिवारचा सामना पाहिलेला असतो.

म्हणून नानांनी सिद्धान्त मांडला. “पगारात महागाई भत्ता असतो, घरभाडे भत्ता असतो. तसा या कोच लोकांच्या पगारात शिव्याभत्ता धरलेला असणार. ज्याला तो मिळतो, त्यानं ऐकून घ्यावं. पोरांना कुठे मिळतो?”

सिद्धान्त कागदपत्रांना धरून आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सर्वांत मोठा पगार गव्हर्नरला नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचला असतो. शिवाय काढून टाकलं तरी उरलेल्या कराराचे पैसे मिळतात. 2023 साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशर यांना घरी बसवलं, त्याची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. आमच्या स्कॉट फ्रॉस्टचीच गोष्ट घ्या. याच मातीतला मुलगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरचा सूत्रधार. कोच म्हणून परतला तेव्हा गावाला वाटलं, वनवास संपला. पाच मोसमांत 16 विजय, 31 पराभव! शेवटी 11 सप्टेंबर 2022 ला त्याला नारळ दिला. भरपाई दीड कोटी डॉलर. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती निम्मी झाली असती. नानांनी पाकिटाच्या पाठीवर गणित केलं: वीस दिवस, पंचाहत्तर लाख, म्हणजे रोजचे पावणेचार लाख डॉलर. “इतका महाग राग मी आयुष्यात पाहिला नाही,” ते म्हणाले. आवाजात थोडा आदर होता.

इथपर्यंत मी नानांच्या बाजूचा. पण कोचला बोलणंही वाटतं तितकं फुकट नसतं. 2003 साली फ्रँक सोलिच यांच्या संघानं बारापैकी नऊ सामने जिंकले आणि तरी त्यांना काढलं, कारण नऊ म्हणजे काहीच नाही असं तेव्हा वाटायचं. पुढच्याच मोसमात, नव्या कोचच्या हाताखाली, संघ जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरला. असं 1961 नंतर पहिल्यांदाच झालं. मग बो पेलिनी आले. 2008 ते 2014, दरवर्षी किमान नऊ विजय. त्यांनाही काढलं. त्यानंतर 2016 चा एक मोसम सोडला तर हे गाव नऊ विजयांसाठी देव पाण्यात घालून बसलं आहे. ज्यांनी “हाकला त्याला” म्हणून घसा बसवला, तेच आता “सोलिचच्या वेळी कसं होतं!” म्हणून उसासे टाकतात. चाहत्याच्या स्मरणशक्तीला हंगाम असतो. नोव्हेंबरात ती पानगळीबरोबर जाते.

पोरांना बोलण्यात धोका वेगळा आहे: आपल्याला निम्मंच दिसत असतं. त्याच 2021 च्या मोसमात मिशिगनविरुद्ध 29-29 अशी बरोबरी असताना शेवटच्या दोनेक मिनिटांत एड्रियन मार्टिनेझच्या हातून चेंडू निसटला आणि सामना गेला. तो चार वर्षं क्वार्टरबॅक होता आणि चार वर्षं त्यानं ऐकून घेतलं होतं. त्या संध्याकाळी तर गावातल्या प्रत्येक हॉटेलात, चिली आणि दालचिनीचे रोल समोर ठेवून (हा जोड इथं वरणभातासारखा सहज खातात), त्याच्या हातांवर परिसंवाद झाले. पुढे कळलं, गडी त्या मोसमात मोडलेल्या जबड्यानं खेळला होता. ज्याला घास चावता येत नव्हता त्याच्यावर आपण घास चावत टीका करत होतो. पुढच्या वर्षी तो शेजारच्या कॅन्सस स्टेटकडून खेळला आणि ओक्लाहोमाविरुद्ध एकट्यानं धावत चार टचडाऊन केले, तेव्हा लिंकनमध्ये सगळे म्हणाले, “आम्हाला माहीतच होतं.”

हे बोलणं पुढे कुठवर जातं, ते अलाबामाच्या केड फॉस्टरला विचारावं. 2013 साली ऑबर्नविरुद्ध त्याच्या तीन किक वाया गेल्या आणि रात्रीतून त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्यांच्या गठ्ठ्यात एक हस्तलिखित चिठ्ठीही आली, धीर देणारी. लिहिणारे गृहस्थ होते जॉर्ज डब्ल्यू. बुश. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक 43 आणि बुश त्रेचाळिसावे अध्यक्ष. लोकांचं बोलणं खाण्याच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील.

आता नानांच्या सिद्धान्ताला काळानं एक फट पाडली आहे. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येतात. 2025 पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. मग यांनाही शिव्याभत्ता लागू झाला का? मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याचं ठाम मत, झाला. शिवाय पटलं नाही तर पोरं दुसऱ्या विद्यापीठात निघून जातात, मग आपणच का तोंड शिवून बसायचं? त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पैसे घेणाऱ्याला जबाब द्यावाच लागतो. पण बँकेत पैसे आले म्हणून वय वाढत नाही. एकोणिसाव्या वर्षी माणसाला रकमेचे आकडे झेपतात, पंच्याऐंशी हजारांचा सुस्कारा झेपत नाही.

एका शनिवारी त्याच शेतकऱ्यानं दहा नंबरच्या पोराला फार वर्मी लागेल असं काही सुनावलं. पुढच्या रांगेत दहा नंबरचीच जर्सी घातलेली एक बाई होती. ती वळली. खेळाडूंच्या घरचेही प्रेक्षकांत बसतात, पण जर्सी सगळ्यांनीच घातलेली, त्यामुळे आई कोण आणि चाहती कोण, काही कळत नाही. शेतकरी टोपी काढून “माफ करा, बाई” वगैरे पुटपुटला. बाई म्हणाल्या, “मी त्याची आई नाही. आई असते तर याहून जास्त बोलले असते.” नानांना मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. पण रात्री जेवायलाही तीच वाढते.”

माझ्या मते निवाडा इथंच झाला. पोराला बोलायचा हक्क त्याला, जो हरल्या रात्री त्याच्यापुढे ताट मांडणार आहे. बाकीच्यांनी खेळाला बोलावं, डावपेचाला बोलावं, फारच अनावर झालं तर नशिबाला बोलावं. स्टेडियमच्या एका कोपऱ्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे शब्द कोरले आहेत: जिंकण्यापेक्षा कर्म मोठं, अशा अर्थाचे. ते वाचून नाना हरखले; म्हणाले, हा तर गीतेचा दुसरा अध्याय! आणि आत जाऊन पहिल्याच डावाला फळ मिळालं नाही म्हणून ओरडले.

त्यांना मी अडवत नाही, फक्त दिशा दाखवतो. सध्याचे कोच मॅट रूल यांचा 2022 सालचा करार आठ वर्षांचा आणि 7 कोटी 40 लाख डॉलरचा होता. तेव्हा ज्यांना बोलल्याशिवाय राहवतच नाही, त्यांनी तिकडे तोंड करून खुशाल बोलावं. फक्त “हाकला” म्हणण्याआधी मागच्या खेपेला आपण कुणाला हाकललं होतं, तेवढं आठवावं. बाकी शिव्याभत्ता भरपूर मंजूर आहे.